धुळीआडचे तारे आणि 2.86 चा आकडा

1983 साली आयरास उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश चाळले, तेव्हा काही दीर्घिकांनी चकवले. दृश्य प्रकाशात मिणमिणत्या, पण नुसत्या अवरक्तात 100 अब्ज सूर्यांहून तेजस्वी! ही करामत धुळीची. नवजात ताऱ्यांचा अतिनील आणि निळा प्रकाश ती गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. मग तिथली तारानिर्मिती अभ्यासायला दृश्य वर्णपट कशाला? कारण वायू ताऱ्यांनी तापवलाय की मध्यावरच्या कृष्णविवराने, हे अवरक्त तेजाच्या बेरजेतून कळत नाही. वर्णपटातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवरचा त्यांचा प्रकाश, हायड्रोजनच्या रेषांशी ताडून पाहिल्या की बहुतेकदा कळते.

धुळीचा हिशेब हायड्रोजनच्या दोन रेषांवर चालतो: 656.3 नॅनोमीटरची लाल एच-अल्फा आणि 486.1 ची निळसर एच-बीटा. सुमारे 10,000 केल्विन तापमानाच्या विरळ वायूत त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर 2.86 असते. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून ते चढते. 8 आले, तर खरी एच-अल्फा मोजलेल्या आकड्याच्या 10 ते 15 पट असते. नेमके किती, ते धुळीचे कोणते सूत्र वापरले त्यावर.

घोळ होतो तो बहुधा एच-बीटात. थोड्या जुन्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच जागी शोषणाचा खड्डा असतो. उत्सर्जनाची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषेचे बळ) 0.4 नॅनोमीटर आणि खड्ड्याची 0.2 असेल, तर हाती निम्मीच रेषा लागते. गुणोत्तर जवळपास दुप्पट होते आणि नसलेली धूळ ‘सापडते’. म्हणून आधी ताऱ्यांचा वर्णपट जुळवून वजा करायचा, रेषा मग मोजायच्या. एच-अल्फाला खेटून, 658.3 वर, नायट्रोजनची रेषा असते. वर्णपटाचे विभेदन, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद, कमी पडले तर दोन्ही एकजीव होतात. शिवाय दीर्घिकेची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने रेषा लाल बाजूला सरकण्याचे प्रमाण) 0.047 च्या आसपास असेल, तर एच-अल्फा नेमकी वातावरणातल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यात, 687 नॅनोमीटरपाशी जाऊन बसते. तिथे प्रमाण ताऱ्याचा (ज्याचा खरा वर्णपट आधीच माहीत आहे अशा ताऱ्याचा) वर्णपट घेऊन दुरुस्ती करावीच लागते.

एवढे करूनही दृश्य प्रकाशातल्या एच-अल्फावरून काढलेला तारानिर्मितीचा दर अवरक्तावरून काढलेल्या दरापेक्षा कमी भरतो, विशेषतः आर्प 220 सारख्या धुळीने गच्च दीर्घिकेत. दुरुस्ती बाहेर पडलेल्या प्रकाशावरूनच होते; पार गाडल्या गेलेल्या ताऱ्यांची त्यात नोंदच नसते. पण सगळा दोष धुळीवर ढकलण्याआधी वर्णपटमापकाची फट, म्हणजे प्रकाश आत घेणारी अरुंद चीर, तपासावी. 30 कोटी प्रकाशवर्षांवर दीड विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) रुंदीची फट जेमतेम 2,200 प्रकाशवर्षांची पट्टी पाहते, आणि अवरक्ताचा आकडा मात्र अख्ख्या दीर्घिकेचा असतो.