ड्रायपॉइंट: बर सांभाळण्याची पाचशे वर्षं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवर जा, जॉब उतरला की पहिलं काम ठरलेलं असतं: कडेला आलेली बर, म्हणजे धातूची उचललेली खरबरीत कड, घासून काढायची. बर राहिली की जॉब परत. ड्रायपॉइंटमध्ये याच्या उलट चालतं. इथे चित्राची सगळी मजा त्या बरवर असते, आणि या छापपद्धतीच्या इतिहासात कोणी काय केलं, का सोडलं, हे बहुतेक वेळा बर किती टिकते यावरच ठरलेलं दिसतं.

टोकदार सुईने तांब्याचा पत्रा ओरखडला तर धातू पत्र्यातून निघून जात नाही. नांगराच्या तासाकडेला माती पडावी तसा तो रेघेच्या कडेला उचलला जातो. शाई चोपडून प्लेट पुसली की थोडी शाई रेघेत राहते, पण जास्त अडकते ती या खरबरीत कडेला. म्हणून छापात रेघ मखमली, किंचित फुललेली उमटते. एनग्रेव्हिंगमध्ये कोरणी धातूची शीर काढून टाकते, एचिंगमध्ये ॲसिड धातू खातं. दोन्हीकडे रेघ स्वच्छ येते आणि शेकडो प्रती निघतात. ड्रायपॉइंटची बर मात्र प्रेसच्या दाबाखाली चेपते, पुसताना झिजते. तांब्यावरून दहा-वीस छाप चांगले मिळतात, पुढे रेघ बारीक आणि कोरडी पडत जाते.

पंधराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ऱ्हाईनच्या परिसरात काम करणारा ‘हाउसबुक मास्टर’ हा या तंत्राचा पहिला मोठा कलाकार. खरं नाव कळलेलं नाही. त्याची सुमारे ९० छापचित्रं माहीत आहेत आणि बहुतेकांची एकेकच प्रत उरली आहे; मोठा साठा ॲमस्टरडॅमला आहे. जर्मन चित्रकार ड्युररने १५१२ च्या सुमारास तीन ड्रायपॉइंट केली आणि पुढे तो नाद सोडला. त्याचा हिशोब मला तरी पटतो. छापचित्रं विकून घर चालवणाऱ्या माणसाला दहा-वीस प्रतींत काय परवडणार?

डच चित्रकार रेम्ब्राँने मात्र हे झिजणंच कामाला लावलं. १६५३ मधलं ‘तीन क्रूस’ हे त्याचं मोठं चित्र मुख्यतः ड्रायपॉइंटमधलं आहे. प्लेट थकल्यावर त्याने ती फेकली नाही. काही माणसं घासून पुसून टाकली, उंच टोपीचा एक घोडेस्वार नव्याने आणला आणि वरून खाली सरळ रेघा ओढून दृश्यावर काळोख पाडला. आधीचे आणि नंतरचे छाप शेजारी ठेवले तर एकाच प्लेटचे आहेत यावर विश्वास बसत नाही. एकोणिसाव्या शतकात तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली आणि प्रतींची संख्या वाढली. व्हिस्लर आणि मेरी कसॅट या अमेरिकी चित्रकारांनी ड्रायपॉइंटला पुन्हा मान मिळवून दिला तो याच शतकात.

भारतात हे तंत्र रुजवणाऱ्यांत मुकुल डे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर ते जपानमार्गे अमेरिकेला गेले आणि शिकागोत एचिंग शिकले. पुढे १९२८ मध्ये ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले.

आपल्या भागाला तांब्यावर कोरणं नवं नव्हतं. शिलाहारांची दानपत्रं ताम्रपटांवरच आहेत, पण ती वाचायची होती, छापायची नव्हती. छापण्यासाठी तांबं कोरल्याचं जवळचं उदाहरण मिरजेचं. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एक तांबट कारागीर हे काम शिकला होता. नानांच्या पश्चात तो मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. ते ड्रायपॉइंट नव्हे, पण कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर घडलेल्या या गोष्टीची आठवण आपल्याकडच्या कलाचर्चेत फारशी निघत नाही.

कोल्हापूरचा लौकिक झाला तो जलरंग आणि तैलरंगांवर. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं, बाबूराव पेंटरांची व्यक्तिचित्रं, हाच वारसा पुढे चालला. छापचित्र मागच्या बाकावर राहिलं. यंत्राची अडचण होती म्हणावं तर ज्या गावात बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथे दोन रोलर, एक बेड आणि गिअरचा प्रेस जमला नसता असं कोण म्हणेल? अडचण गिऱ्हाइकाची. प्रतीखाली पेन्सिलीने ३/१५, म्हणजे पंधरा प्रतींतली तिसरी, असं लिहिलेलं बघून ‘म्हणजे ही झेरॉक्स का?’ असं विचारणारे भेटतात.

सामान तसं थोडकंच. साधारण एक मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा; जस्त स्वस्त, पण मऊ. सुई म्हणून मार्किंगचा कार्बाइड टोकाचा स्क्राइबर मस्त चालतो. सुई उभी धरली तर दोन्ही कडांना सारखी बर येते, तिरकी धरली तर एकाच बाजूला, जास्त उंच. सुई फार आडवी केली तर बर लवकर मोडते. प्लेटच्या कडा कानशीने उतरत्या करायच्याच, नाहीतर कागद आणि प्रेसवरची फेल्ट (लोकरीचं जाड कापड) दोन्ही कापले जातात. शाई घट्ट, जवसाच्या तेलातली. ती खळीच्या जाळीदार कापडाने गोल गोल पुसायची, शेवटी नुसत्या तळहाताने, आणि हात हलका ठेवायचा. कागद भिजवून टिपकागदात दाबून घ्यायचा. तो ओला चमकता कामा नये.

नवशिक्या मुलांना हल्ली ॲक्रिलिक शीट देतात. खाली स्केच ठेवून वरून गिरवता येतं, एवढा फायदा खरा, पण बर तांब्यापेक्षा लवकर जाते. ज्यूसच्या टेट्रापॅकची चंदेरी बाजू ओरखडूनही छाप निघतात, अगदी मोजके.