कोण कोण येणार?

“उद्या दहाला दसरा चौक. येणार हाईस न्हवं?”
“व्हय, पण कोण कोण हाईत?”

मोर्चाच्या आदल्या रात्री कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, उत्तरेश्वरात असे कितीतरी फोन होतात. त्यातला दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मागणी काय आहे हे फोनवर कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना ठाऊकच असतं. उसाचा दर असो, महापुराची भरपाई असो की शक्तिपीठ महामार्गात जाणारी जमीन, राग घरोघरी आधीच साठलेला असतो. विचारायचं राहतं ते एवढंच, की बाकीचे कोण येणार. चळवळींचा अभ्यास करणारे जगभरचे संशोधक गेली पन्नास-साठ वर्षं फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक अडचणीचा मुद्दा मांडला. आपल्या टोल आंदोलनाला तो लावून बघा. टोल रद्द झाला तर मोर्चात चाललेल्याला तो भरावा लागणार नाही, तसाच घरी झोपलेल्यालाही लागणार नाही. मग ऊन, पोलिसांची लाठी, बुडालेला रोज हे अंगावर घ्यायचं कशाला? हिशेब चोख आहे. तरीही माणसं येतात, आणि कोल्हापुरात तर भरपूर येतात. म्हणजे हिशेबात काहीतरी धरायचं राहिलंय.

ते काय, याचं एक सुरेख उत्तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दिलं. त्यांच्या मते प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो: आपल्याआधी किती जण पुढे झाले की आपण पाऊल टाकायचं, त्याचा आकडा.

दसरा चौकात शंभर माणसं उभी आहेत असं समजू. कोणी चहाच्या गाड्यापाशी, कोणी शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ. पहिल्याचा उंबरठा शून्य. कोणी नसलं तरी तो रस्त्यावर बसणार. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्याण्णव. पहिला बसतो, त्याला बघून दुसरा बसतो, दोघांना बघून तिसरा. बघता बघता शंभरही जण रस्त्यावर.

आता यातला फक्त एक माणूस बदला. ज्याचा उंबरठा एक होता, त्याच्या जागी दोनवाला उभा करा. पहिला बसतो. हा नवा माणूस म्हणतो, अजून एक बसू दे, मग बघू. त्याच्या शेजारच्याचाही उंबरठा दोनच, तोही थांबतो. पुढचे सगळे थांबतात. रस्त्यावर एकटा माणूस बसून राहतो आणि अर्ध्या तासाने उठून जातो. दोन्ही चौकांतला राग जवळपास सारखाच होता, पण एकाची बातमी पहिल्या पानावर येईल आणि दुसऱ्याची येणारच नाही. गर्दी मोजून लोकांच्या मनाचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पत्रकार असो, पुढारी असो की बंदोबस्तावरचा अधिकारी, हे उदाहरण एकदा कागदावर मांडून बघावं.

उंबरठे बाहेरून दिसत नाहीत, हीच मोठी गोम आहे. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी पूर्व जर्मनीसारख्या साम्यवादी देशांचा अभ्यास करून हे दाखवलं. पूर्व जर्मनीत लोकांच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं अशी अवस्था होती, त्यामुळे आपल्यासारखेच वैतागलेले लाखो आहेत हे कोणालाच कळत नव्हतं. लाइपझिग शहरात सेंट निकोलस चर्चजवळ दर सोमवारी लोक जमायचे. १९८९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला हजारभर असतील. ९ ऑक्टोबरला सुमारे ७०,००० आले. महिन्याभराने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. दर सोमवारची गर्दी ही घरात बसलेल्यांसाठी बातमीच होती: तू एकटा नाहीस.

टोल आंदोलनात ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील रस्त्यावर उतरलेले आपण पाहिलेत. त्या वयाचा माणूस उन्हात बसलेला दिसला की धडधाकट माणसाला घरात थांबणं जड जातं. त्यांच्या बसण्याने किती जणांचे उंबरठे खाली आले असतील, हे कुठल्याच आकडेवारीत सापडणार नाही. त्या आंदोलनात जाळपोळही झाली, पण टोल गेला तो वर्षानुवर्षं न फुटलेल्या कृती समितीमुळे, असं माझं ठाम मत आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातले ३२३ मोठे लढे तपासले, तेव्हा अहिंसक लढ्यांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी झालेले दिसले, हिंसक लढ्यांपैकी २६ टक्के. कारण साधं आहे. हातात दगड नसेल तर आजी येते, कॉलेजची मुलगी येते, दुकानदारही शटर ओढून येतो. २०१६ च्या मराठा मूक मोर्चात मुली पुढे होत्या, ते चित्र आठवा. अलीकडच्या काळात मात्र अहिंसक लढ्यांचं यशही घटलंय, हे चेनोवेथ यांनीच पुढे नोंदवलं. सरकारंही शिकतात.

काय शिकतात, याचं लख्ख उदाहरण चीनमधलं आहे. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास छापला. चिनी संकेतस्थळांवरचा मजकूर काढून टाकला जाण्याआधीच गोळा करायचा आणि नंतर त्यातलं काय गायब झालं ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. सरकारवर टीका केली म्हणून मजकूर पुसला जातो, असा सगळ्यांचा समज होता. निघालं वेगळंच. कडक टीकाही बऱ्याचदा तशीच राहत होती. पुसलं जात होतं ते लोकांना एकत्र आणू शकणारं लिखाण, अगदी सरकारची बाजू घेणारं असलं तरी. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर आयोडीनच्या मिठाने किरणोत्सर्गापासून बचाव होतो अशी अफवा उठली आणि लोक मिठासाठी दुकानांवर धावले. त्या मिठाबद्दलचा मजकूरही पुसला गेला. मिठात राजकारण ते कसलं? पण गर्दी होती. त्या सत्तेला लोकांच्या रागापेक्षा आपल्या फोनवरच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त धोक्याचं वाटत होतं.

आता एक उलटा निष्कर्ष. हाँगकाँगमध्ये २०१६ च्या १ जुलैच्या मोर्चाआधी संशोधकांनी विद्यापीठातल्या मुलांना विचारलं, तुमच्यापैकी किती जण जातील असं वाटतं? मग त्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला. आपल्या अंदाजापेक्षा जास्त जण जाणार आहेत हे ज्यांना कळलं, त्यांची जाण्याची शक्यता वाढायला हवी होती. ती कमी झाली! एवढे जण जातायत, मग मी नाही गेलो तर काय बिघडतं? ओल्सन यांचा हिशेब इथे पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ‘लाखोंच्या संख्येने सामील व्हा’ हे फलक पाहिले की मला शंका येते. लाख येणार असतील तर माझी गरज काय?

नुसता आकडा पुरत नाही, हे समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांच्या अभ्यासातून जास्त नीट कळतं. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला कॉलेजची मुलं निघाली. जिवाशी खेळ होता. सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. मॅकअ‍ॅडम यांना पुढे त्या मुलांचे अर्ज मिळाले: प्रत्यक्ष गेलेल्या ७२० जणांचे आणि माघार घेतलेल्या २३९ जणांचे. तळमळ दोघांचीही सारखीच होती. अर्जात मात्र कळवण्यासाठी दहा ओळखीच्यांची नावं लिहायची होती, आणि फरक तिथे सापडला. जे गेले त्यांच्या यादीत बरोबर निघालेल्या दोस्तांची नावं जास्त होती. आपल्याकडे हे काम तालीम करते. एकाच आखाड्यात घाम गाळलेला, एकाच फुटबॉल संघासाठी ओरडलेला गडी फोनवर “येतोय” म्हणाला, की न जाणं अवघड होतं. उद्या कट्ट्यावर त्याला तोंड दाखवायचं असतं.

हाँगकाँगच्या संशोधकांनी पुढे २०१७ च्या मोर्चात काही मुलांना गर्दी मोजायच्या कामासाठी पैसे देऊन पाठवलं. नंतरच्या वर्षी पैसे नव्हते, तरी त्यातली काही मुलं पुन्हा गेली. पण प्रामुख्याने तीच, ज्यांच्या विषयातली बरीच मुलं पहिल्या वेळी सोबत होती. एकेकटा पाठवलेला टिकला नाही.

हे वाचताना मला आपले वकील आठवले. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं, ही मागणी चार दशकांहून जुनी. सहा जिल्ह्यांतल्या बारमध्ये रोज एकत्र बसणारी, एकाच टेबलावर डबा खाणारी माणसं. सुरुवात केलेल्यांतले कित्येक हयात नव्हते, तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं.