‘बी’ पेशी, ‘टी’ पेशी. मग ‘ए’ कुठे?

प्रतिकारशक्तीबद्दल काहीही वाचा, ‘बी पेशी’ आणि ‘टी पेशी’ ही पांढऱ्या रक्तपेशींची जोडी हटकून भेटते. ‘ए’ आणि ‘सी’ कुठे गेल्या, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा.

‘बी’चं उत्तर कोंबडीच्या शेपटीखाली आहे. तिथे आतड्याच्या टोकाशी ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ नावाची छोटी पिशवी असते. तिचं काम काय, हे माहीत नव्हतं. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने काही पिल्लांची ही पिशवी काढून टाकली. पुढे टिमोथी चँग या सहाध्यायाने त्यातल्याच कोंबड्या वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी मागून नेल्या. साल्मोनेला जिवाणू टोचले की रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिनं) तयार होतात, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ती झालीच नाहीत! प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी या पिशवीतच घडत होत्या; ‘बर्सा’वरूनच पुढे त्या ‘बी’ पेशी ठरल्या. ‘सायन्स’ नियतकालिकाने या प्रयोगावरचा शोधनिबंध नाकारला. 1956मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला, प्रतिकारशक्तीचे अभ्यासक ते कशाला चाळतील?

आपल्याला ही पिशवी नाही. आपल्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत घडतात. मज्जेला इंग्रजीत बोन मॅरो म्हणतात, त्यामुळे अक्षर बदलावं लागलं नाही.

‘टी’ म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी. 1961मध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा ते उंदीर परकी त्वचाही निमूट स्वीकारू लागले. थायमसमध्ये टी पेशींची कडक परीक्षा होते: स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात. बहुतेक पेशी नापासच होतात. उरलेल्यांतल्या काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, तर काही बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला मदत करतात.

अनोळखी जंतूविरुद्ध ही फौज उभी राहायला काही दिवस लागतात. तोवर खिंड लढवतात त्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. त्यांची जातकुळी फार जुनी, कीटकांतही सापडणारी. पण बी-टी पेशी आणि प्रतिपिंडं मिळून झालेली व्यवस्था फक्त जबडा असलेल्या पृष्ठवंशीयांत, शार्कपासून आपल्यापर्यंत.

आणि लॅम्प्री ही बिनजबड्याची मासळी? तिच्याकडे प्रतिपिंडं नाहीत. तिने वेगळ्याच प्रथिनांपासून जंतू ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) घडवले आणि ते मिरवणाऱ्या पेशींचेही टी-सारखे नि बी-सारखे गट पाडले. या ग्राहकांना शास्त्रज्ञांनी अक्षरं दिली आहेत: ए, बी आणि सी.