परभणी केंद्र दिवसा स्वच्छ, रात्री गोंगाटात का?

सेलू किंवा पूर्णेकडच्या शेतात भर दुपारी छोट्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी परभणी लावली, तर शेतीच्या कार्यक्रमातला शब्दन् शब्द कळतो. तोच संच रात्री बाजेच्या उशाशी ठेवला की त्याच जागी कुठलीशी अनोळखी भाषा आणि भलतेच गाणे मिसळू लागते. बिघाड संचात नसतो आणि केंद्रातही नसतो. त्याचे कारण जमिनीपासून 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आहे.

परभणी केंद्र मध्यम लहरींवर, 1305 किलोहर्ट्झला लागते. या लहरीची लांबी सुमारे 230 मीटर भरते. एवढ्या लांब लहरी जमिनीला धरून सरकतात, आणि त्या किती दूर पोचतील हे मातीवरही ठरते: ओल धरणारी चिकण काळी जमीन वीज बऱ्यापैकी वाहू देते, कोरडे खडकाळ माळरान तितकी देत नाही. गोदाकाठची काळी रानं या बाबतीत नशीबवान म्हणायची. लहरींचा जो भाग आकाशाकडे जातो, तो दिवसा उन्हामुळे विद्युतभारित झालेल्या ‘डी’ थरात शोषला जातो. सूर्य मावळल्यावर हा थर पाहता पाहता विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत जाऊन परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्याकडे मध्यम लहरींवरील केंद्रांना नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा मिळतात. जागा मोजक्या असल्याने एकच आकडा दूरदेशीच्या केंद्रांनाही दिलेला असतो, आणि हे पाहुणे रात्री आपल्या घरी येतात.

त्यावर जुन्या माणसांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. संचात तांब्याच्या तारेचे वेढे दिलेली काळी फेराइटची कांडी असते. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज भरतो, तिचे टोक केंद्राकडे वळले की तो बसतो. म्हणून संच हळूहळू फिरवत नकोसे केंद्र बऱ्याच अंशी दाबता येते.

नांदेड, बीड आणि धाराशिवच्या एफएम केंद्रांचा प्रकार वेगळा. तिथे लहर जेमतेम तीन मीटरची असते आणि ती साधारण सरळ रेषेत जाते. 100 मीटर उंच मनोऱ्यावरून सपाटीला तिचे क्षितिज अंदाजे 41 किलोमीटरवर येते. मध्ये बालाघाटाचा डोंगर आला, तर त्याच्या आडोशाच्या गावात त्याआधीच खरखर सुरू होते. मात्र भजनातल्या टाळांची किणकिण ऐकावी ती एफएमवरच, कारण अरुंद जागेमुळे मध्यम लहरींत वरच्या पट्टीचे स्वर कापले जातात.

दूरचित्रवाणीचे मनोरे अंबाजोगाईला आणि म्हैसमाळला उंचावर उभारले गेले, तेही या सरळ रेषेसाठीच. वाऱ्याने छपरावरचा अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, हे अनेकांना आठवत असेल. आता डीडी फ्री डिशची तबकडी आग्नेयेकडे तोंड करून सुमारे 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे पाहते, त्यामुळे डोंगराची अडचण बहुतेक संपली.

वळवाच्या दिवसांत मात्र मध्यम लहरींचा रेडिओ एक जादा काम करतो. विजेच्या लोळातून निघणारा रेडिओ-गोंगाट लहरीच्या उंचीत मिसळतो, आणि या प्रक्षेपणात आवाज त्या उंचीवरच स्वार असतो. त्यामुळे आभाळ अजून निरभ्र असताना बातम्यांमध्ये थांबून थांबून कडकड ऐकू येऊ लागली, की कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायची लगबग सुरू होते.