निळं अंडं पाहिजे? मग आधी कोंबडा बघा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की मुंबईला परत जाताना गावठी अंडी हवीच असतात आणि तीही तपकिरीच, जरा पांढरट दिसली की लगेच संशय. खरं तर वाडीतल्या एकाच खुराड्यात दुधाळ, फिकट गुलाबी, तपकिरी अशी सगळी अंडी मिळतात, उलट ट्रेभर एकसारखी गडद तपकिरी अंडी दिसली तर ती पोल्ट्रीतल्या, खास अंड्यांसाठी पाळलेल्या लेयर कोंबड्यांची असायची शक्यता जास्त. रंगावरून पौष्टिकपणा तर अजिबात कळत नाही. खाण्याचा परिणाम दिसतो तो बलकावर, हिरवा पाला आणि मका खाल्ला की बलक पिवळाजर्द होतो, कवचाचा रंग मात्र मुख्यतः आईबापाकडून येतो.

अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले 20 च्या आसपास तास ते कोंबडीच्या पोटात कवच चढवणाऱ्या भागात असतं. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मुळात पांढरंच. तपकिरी रंग येतो प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे आणि तो बराचसा शेवटच्या काही तासांत वरून बसतो, अंगण सारवल्यासारखा, म्हणून तपकिरी अंडं फोडून आतून बघा, पांढरं दिसेल. कोंबडी घाबरली, म्हातारी झाली किंवा मानमोडीसारखा आजार आला की हा थर पातळ होतो आणि अंडी फिकी पडतात.

निळ्याची गोष्ट वेगळी. तिथे रंगद्रव्य असतं बिलिव्हर्डिन, मुका मार लागल्यावर कातडीवर जो हिरवट डाग येतो ना, त्यातलंच. हे कवचात पूर्ण मुरतं, त्यामुळे अंडं आतूनही निळं. चिलीतल्या अरौकाना कोंबड्या अशी अंडी देतात, चीनमधल्या डोंगशियांग आणि लुशी कोंबड्याही देतात. 2013 मध्ये याचं कारण सापडलं आणि ते भन्नाट आहे: फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा (स्वतःला यजमानाच्या डीएनएत घुसवणारा विषाणू) तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये घुसून एका जीनच्या शेजारी बसला, आणि एरवी यकृतात काम करणारा तो जीन कवच बनतं तिथेही चालू झाला. चीनमध्ये आणि चिलीत हे वेगवेगळं घडलं, म्हणजे एकच अपघात दोनदा! (आपल्याकडे लोकांना वाटतं कडकनाथचं अंडं काळं असणार. कोंबडी काळी, अंडं मात्र फिकटच.)

आता पैदाशीचं बघू. निळा जीन एकच आहे आणि प्रबळ आहे, म्हणजे आई किंवा बाप कुणा एकाकडून आला तरी पुरे. असा जीन दोन्ही बाजूंनी असलेला कोंबडा मिळाला समजा आणि गावठी कोंबड्यांवर सोडला, तर त्याच्या सगळ्या मुली निळसर नाहीतर हिरवट अंडी देणार, हिरवट म्हणजे निळ्यावर तपकिरी थर. गडद तपकिरीवाल्या मारान्ससारख्या जातीशी संकर केला की ऑलिव्ह रंग येतो.

घोळ हा की कोंबडा काही अंडं देत नाही, मग त्याच्यात काय दडलंय ते कळणार कसं? अरौकानाच्या वंशात हा जीन बसक्या, तीन ओळींच्या तुऱ्याच्या जीनला चिकटून असतो, त्यामुळे तुरा बघून अंदाज येतो, खात्री नाही. खात्री करायची तर त्याच्या मुली बघायच्या. जीन एकाच बाजूने असेल तर निम्म्या मुली साधी अंडी देतील. कोंबडा असा एकेरी असेल तर त्याच्या पहिल्या आठही तलंगांनी (नव्याने अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांनी) निळी अंडी द्यायची शक्यता 256 मध्ये फक्त 1. पण तलंग अंड्यावर यायला पाच-सहा महिने जातात, तोवर धीर पाहिजे, आणि मुंगसाने तलंगा ठेवल्या पाहिजेत.

तपकिरी रंगात अनेक जीन असतात, त्यामुळे तिथे असा साधा हिशोब चालत नाही, हळूहळू निवडच करावी लागते. आणि हे काम परसात गावठी कोंबड्यांवरही जमतं. कुठली कोंबडी सगळ्यात गडद घालते ते लक्षात ठेवायचं, तिचीच अंडी खुडूक कोंबडीखाली 21 दिवस बसवायची, आणि बहुतेक लोक विसरतात ते म्हणजे कोंबडाही त्याच अंड्यांतून निघालेला ठेवायचा, दिसायला रुबाबदार म्हणून दुसराच नको. फक्त तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवून त्याच्याच मुलींवर सोडू नका, पिल्लं कमी निघतात आणि नाजूक होतात, शेजारच्या वाडीत कुणी गडद अंड्यांच्या कोंबड्या पाळत असेल तर त्यांच्याशी कोंबडा बदलून घ्या.