चॅपलची निवड: मुंबईतील ख्रिस्ती विवाहस्थळामागचा इतिहास

मुंबईतल्या ख्रिस्ती घरात लग्न ठरले की हॉल आणि बँडच्या जोडीने हल्ली आणखी एक प्रश्न निघतो: विधी आपल्या चर्चमध्ये करायचा की एखाद्या छोट्या, निवांत चॅपलमध्ये? अशी निवड करता येणे ही अलीकडची सोय आहे. पूर्वी ही जागा धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या वस्तीची (पॅरिशची), हद्दच ठरवीत असे.

चोरून लागणाऱ्या लग्नांना आळा बसावा म्हणून कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली नियम केला की, तीन वेळा जाहीर घोषणा व्हावी आणि विवाह स्थानिक धर्मगुरू व किमान दोन साक्षीदारांसमोरच लागावा. त्या वेळी मुंबई, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, त्यामुळे १५७५ साली स्थापन झालेल्या वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूजसारख्या चर्चच्या परिसरात हीच शिस्त रुजली. लग्न आणि नोंदवही दोन्ही धर्मग्रामाच्या चर्चकडे राहिली, तर चॅपल प्रार्थनेपुरते उरले.

मुंबई बेटावर मात्र प्रकरण याहून गुंतागुंतीचे झाले. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज धर्मगुरूंना बाहेर काढून कार्मेलाइट या कॅथोलिक संघाच्या धर्मगुरूंना आणले आणि १७९४ मध्ये चर्च दोन सत्तांत वाटली गेली: पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार, आणि थेट रोमच्या अधीन असलेली प्रोपागांडा. एकाच वस्तीत शेजारी राहणारी दोन कुटुंबे वेगवेगळ्या सत्तांखाली असू शकत, त्यामुळे घर कुठे आहे यापेक्षा घराणे कुणाकडचे आहे याला महत्त्व आले. हा दुहेरी अंमल १९२८ च्या करारानेच मिटला. आजच्या जोडप्यांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते, कारण त्यांच्या पणजोबांच्या लग्नाची नोंद घराजवळच्या चर्चमध्ये का सापडत नाही, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

सरकारी बाजूने १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळ घालून दिली. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूला पाच मैलांच्या आत आपले चर्च असताना विशेष परवान्यावाचून इतरत्र लग्न लावण्याची मुभा नव्हती.

कॅथोलिकांच्या चर्च-कायद्याच्या १९१७ च्या संहितेने वधूच्या धर्मग्रामाला पहिला मान दिला होता. १९८३ च्या संहितेत वधू किंवा वर यांपैकी कुणाचेही धर्मग्राम चालते आणि परवानगीने दुसरे चर्च किंवा चॅपलही घेता येते.

ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथोलिक समाजाच्या, गावठाणांत मात्र लग्नाची सुरुवात चर्चच्या दारात होत नाही. ‘उंबराचे पाणी’ या विधीसाठी बायका लुगडी नेसून, वाजतगाजत गावच्या विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. चॅपल दूरचे निवडले तरी विहीर गावचीच लागते, म्हणून अशा घरांत अंतराचा विचार आधी होतो.

कागदपत्रांचेही तसेच आहे. लग्न कुठल्याही चॅपलमध्ये लागो, त्याची नोंद ते चॅपल ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येते तिथल्या वहीत होते, आणि जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवून तिथल्या जुन्या नोंदीतही लग्नाचा उल्लेख चढवला जातो.