धूर वर की उजवीकडे : ट्रकच्या धुरांड्याची पार्श्वभूमी

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून जाणाऱ्या गाड्यांकडे नीट पाहिलं तर धूर सोडायच्या तीन जागा दिसतात. ट्रॅक्टरचं नळकांडं बॉनेटवर उभं असतं. ट्रकचा सायलेन्सर चासीखाली असून त्याचं तोंड उजवीकडे किंवा मागे असतं. मनमाडजवळच्या पानेवाडीहून तेल भरून येणाऱ्या टँकरचा पाइप टाकीच्या पुढे संपतो आणि त्याला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर लावलेला असतो. चौथी जागा बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली: अमेरिकी ट्रकच्या केबिनमागची दोन चकाकती उभी धुरांडी. तशी आपल्या ट्रेलरच्या हॉर्सला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, बसवायची हौस पुष्कळांना असते. ती तिकडे का आली आणि इकडे का आली नाहीत, हे कळलं की हौसेतला निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

अमेरिकेत केनवर्थ कंपनीने १९३३ मध्ये कमिन्स डिझेल इंजिनाचा ट्रक कारखान्यातूनच तयार करून दिला. त्या काळच्या डिझेलचा धूर काळा आणि उग्र. तो वर नेला की शेजारच्या मोटारींच्या खिडक्यांत शिरत नाही आणि कच्च्या रस्त्याची धूळही उडवत नाही. शिवाय चासीखाली डिझेलच्या टाक्यांना आणि हवेच्या टाक्यांना जागा मोकळी राहते. लांब बॉनेट, मागे केबिन आणि तिच्यामागे ट्रेलरपर्यंत चांगली मोकळी जागा, अशी तिकडची बांधणी असल्याने पाइप उभा करायला अडचण नव्हती. तिकडचे नियमही धूर केबिनच्या मागे, किंवा पाइप केबिनपेक्षा उंच असेल तर केबिनच्या मागच्या कडेजवळ सोडायला सांगतात.

दोन धुरांडी मात्र बरीचशी शोभेचीच. सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) इंजिनातून धूर एकाच तोंडाने बाहेर पडतो. पुढे वाय-पाइप लावून त्याचे दोन फाटे करतात. मापाचंही तसंच. नेहमीचं माप ५ इंच. हौशी लोक ६, ७, ८ इंचांपर्यंत जातात. ५ इंची पाइपाचं छिद्र सुमारे १९.६ चौरस इंच, ८ इंचीचं ५० चौरस इंच. पण ८ इंची धुरांड्याच्या बुडाशी रिड्यूसर, म्हणजे माप कमी करणारा जोड, असतो आणि खालचा बेंड ५ इंचीच राहतो. वाट तिथेच अरुंद, मग वरच्या रुंदीने इंजिनाला काय मिळणार? आवाज तेवढा घुमतो. त्या आवाजावर नव्या ट्रकांसाठी १९७८ पासून ८३ डेसिबलची आणि १९८८ पासून ८० डेसिबलची मर्यादा आली. २००७ च्या निकषांनी धुराची काजळी धरणारा फिल्टर आणला, २०१० च्या निकषांनी धूर स्वच्छ करायला युरियाची फवारणी.

आपल्याकडची वाट वेगळी. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. पुढे केबिन इंजिनावर आली, बॉडी केबिनला भिडली आणि लाकडी बॉडीचा पुढचा भाग कित्येकदा केबिनच्या टपावर आला. उभ्या पाइपाला जागाच उरली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही. तो मागे किंवा उजवीकडे जायला हवा. डावीकडे पायी चालणारे आणि बसथांबे असतात, हे उघड आहे. इंधनाच्या नळीपासून एक्झॉस्ट पाइप किमान ३५ मिलिमीटर दूर हवा, हेही त्याच नियमांत आहे. ट्रॅक्टरला वर धूर सोडायची मुभा आहे, कारण शेतात पाइप खाली नेला तर तो पिकात आणि कडब्यात घुसेल.

खानदेशचा माल बघितला की खालच्या पाइपाचं कारण आणखी पटतं. कापसाची गाडी केबिनच्या वरपर्यंत फुगलेली आणि वर ताडपत्री. तिच्यापासून हातभर अंतरावर तापलेलं धुरांडं म्हणजे आगीला आमंत्रण. केळीचं दुखणं निराळं. इंजिनाच्या धुरात थोडा इथिलीन वायू असतो आणि केळी पिकवायला तोच वायू वापरतात. रावेर–सावद्याहून उत्तरेकडे निघालेल्या हिरव्या मालाखाली एक्झॉस्ट पाइपाच्या सांध्याचं, म्हणजे फ्लँजचं, गॅस्केट फुटलेलं असेल, तर उष्णता आणि धूर दोन्ही घडांना लागतात. केळीची गाडी भरण्याआधी थंड इंजिन सुरू करून सांध्यांजवळ काजळीचे काळे ओघळ दिसतात का, ते पाहावं. ओघळ दिसला तर गळती तिथेच.

उभा पाइप कारखान्यातूनच आलेला असतो अशी अवजड यंत्रंही आपल्याकडे आहेत. त्यांच्या दुरुस्तीत अमेरिकेतली रीत जशीच्या तशी लागू पडते. पाइपाचा स्टँड चासीला हवा, केबिनला नको; केबिन पुढे झुकवायची तर पाइप तिच्यात अडकता कामा नये. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चासी वेगळी हलते, म्हणून मधे बेलो, म्हणजे घड्यांची लवचीक नळी, लागतो. त्याचा खर्च वाचवायला म्हणून सरळ पाइप वेल्ड केला, तर तडा बहुधा टर्बोच्या बाजूच्या सांध्यालाच जातो. पाइप घेताना माप आतलं की बाहेरचं हे आधी विचारावं. बाहेरून ५ इंच असलेला पाइप आतून ५ इंच असलेल्या तोंडात सरकतो. दोन्ही बाहेरून ५ इंच निघाले तर एकमेकांत जातच नाहीत. सगळे तुकडे आधी सैल जोडावेत, ओळंबा बघावा, मग इंजिनाकडून टोकाकडे कसत जावं. साधा यू-बोल्ट पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी सांधा सुटत नाही. रुंद पट्ट्याचा क्लॅम्प महाग पडतो, पण तोच घ्यावा. तोंड मागे वळवलेलं किंवा तिरकं कापलेलं असावं, नाहीतर वर ट्रॅक्टरसारखी टोपी हवी. पावसाचं पाणी उभ्या गाडीच्या टर्बोपर्यंत पोचलं की खर्च मोठा. क्रोमचा लोखंडी पाइप तापून निळा पडतो, ३०४ स्टेनलेसवर सोनेरी झाक येते. दोन्ही बिघाड नव्हेत.

प्रत्येक बेंड इंजिनावर उलटा दाब वाढवतो. जुन्या टर्बो डिझेलसाठी तो साधारण ३ इंच पाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे १० किलोपास्कलपर्यंत चालतो. त्यापुढे धूर काळा होतो, डिझेल वाढतं, टर्बो तापतो. धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकबाबत मात्र गफलत होते. बिजासन घाटात किंवा कन्नड घाटात ब्रेक ढिला वाटला की सायलेन्सरला दोष देतात. ब्रेकची झडप टर्बोजवळ असते. झडपेच्या पुढची गळती ब्रेक कमी करत नाही, झडप आणि इंजिन यांमधली गळती करते. आधी मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाला लागून धूर गोळा करणाऱ्या भागाचे, बोल्ट तपासावेत.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हे धुराचे निकष लागू झाले आणि सायलेन्सर ही लोखंडी डब्याची गोष्ट राहिली नाही. त्या खोक्यात धूर स्वच्छ करणारा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, काजळीचा फिल्टर आणि युरियाचा कॅटॅलिस्ट असतो, ३२.५ टक्के युरियाचं द्रावण त्यात फवारलं जातं. खोकं काढून सरळ पाइप लावला तर सेन्सर बिघाड दाखवतात आणि इंजिनाची ताकद कापली जाते. हवा आणि आवाजाच्या निकषांचा भंग केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसनही तीन महिने जातं. म्हणून नोंदणी झालेल्या ट्रकला उभ्या धुरांड्यांची जोडी बसवायच्या फंदात पडू नये. अगदीच हौस असेल तर कशालाही न जोडलेले शोभेचे पाइप लावता येतील, तेही आरटीओला विचारून.

फिल्टर साफ करायच्या रिजनरेशनमध्ये आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. जिनिंगच्या आवारात गाडी उभी असताना हे चालू होऊ देऊ नये. रिजनरेशन थांबवायचं बटण असेल तर आत शिरतानाच दाबावं. नंतर बाहेर, कापूस, सरकी किंवा वाळलं गवत नसलेल्या जागी, पाइपाचं तोंड मोकळ्या बाजूला करून ते पूर्ण करून घ्यावं.